'काम करता करता शिकाल' म्हणाले, पण शिकवणार कोण?

प्रश्न : मी प्रौढ विद्यार्थ्यांना परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवते. नोकरीच्या आधी चार आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स केला होता. मुलाखतीत मला सांगितलं होतं, 'बाकीचं काम करता करता शिकाल, आमच्याकडे ट्रेनिंग असतं.' आता दुसरं वर्ष चालू आहे. ट्रेनिंग म्हणजे महिन्यातून एकदा सगळ्यांना एका खोलीत बसवून कुणीतरी स्लाइड दाखवतं. शिवाय वर्षातून एकदा मुख्य शिक्षिका वर्गात मागे येऊन बसतात आणि फॉर्म भरतात. यंदा त्यात लिहिलं होतं, 'वर्गात उत्साह चांगला. शिक्षकाचं बोलणं कमी करावं.' कसं कमी करायचं, ते कुणी सांगितलं नाही. विद्यार्थी माझ्यावर खूश आहेत, पण सहा महिन्यांपूर्वीच्या चुका आजही तशाच करतात. मीही तेच धडे त्याच पद्धतीने घेते. आठवड्याला २५ तास शिकवून घरी आले की डोकं चालत नाही. नोकरी सोडून मोठा डिप्लोमा करू का? की मुळात हे काम माझं नव्हेच?
— एक शिक्षिका

उत्तर :

नोकरी सोडू नका. डिप्लोम्याचा विचार जरूर करा, पण तो नंतर. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मला त्यात एकच उणीव ठळकपणे दिसली. तुम्हाला वर्ग मिळाला, पुस्तकं मिळाली, खूश असणारे विद्यार्थी मिळाले. तुम्ही शिकवत असताना काय घडतं ते नीट पाहणारं आणि नंतर तुमच्याशी बोलणारं माणूस मात्र मिळालं नाही. ते नसेल तर तास कितीही घेतले तरी सवय पक्की होते, शिक्षण होत नाही.

तुमचा चार आठवड्यांचा कोर्स आठवा. सेल्टा या केंब्रिजच्या सर्टिफिकेटसारख्या कोर्समध्ये एकूण १२० तास असतात, आणि त्यातलं प्रत्यक्ष शिकवणं फक्त ६ तासांचं. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या सर्टिफिकेटमध्येही शिकवणं तेवढंच. तुमच्या आताच्या वेळापत्रकात ६ तास म्हणजे सोमवारचा दिवस आणि मंगळवारचा पहिला तास. तरीही त्या ६ तासांत जेवढं शिकलात तेवढं नंतरच्या वर्षभरात शिकला नाहीत, असं तुम्हाला वाटत असेल तर तुमचं काही चुकत नाहीये. त्या प्रत्येक तासाआधी तुम्ही नियोजन लिहून काढलं होतं. तास चालू असताना प्रशिक्षक आणि सोबतचे शिक्षक मागे बसून टिपणं घेत होते. तास संपल्यावर सगळे गोल करून बसले, काय झालं ते बोलले, आणि दोन-चार दिवसांत तुम्ही पुन्हा वर्गात उभ्या होतात. या प्रकारच्या छोट्या कोर्सची सुरुवात जॉन हेक्राफ्ट यांनी १९६२ मध्ये लंडनच्या इंटरनॅशनल हाउस या भाषाशाळेत केली. इंग्रजी येतं पण शिकवण्याचा अनुभव नाही, अशा माणसाला थोडक्या दिवसांत वर्गात उभं राहण्याइतकं तयार करायचं, एवढाच अशा कोर्सचा आवाका. पुढचं शिक्षण नोकरीत व्हायचं असतं. तुमच्या संस्थेने ते कबूल केलं आणि केलं नाही.

त्यात आणखी एक अडचण आहे. आपण सगळेच शिक्षक होण्याआधी हजारो तास विद्यार्थी म्हणून बाकावर बसलेलो असतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये हे नेमकं दाखवलं होतं, की नवा शिक्षक आपल्या जुन्या शिक्षकांना पाहूनच अर्धी उमेदवारी करून आलेला असतो. पण ती उमेदवारी फक्त बाकावरून केलेली. शिक्षकाने तो प्रश्न का विचारला, ते उदाहरण का निवडलं, हे बाकावरून कधी दिसत नाही. दमलेल्या दिवशी हात आपोआप त्या जुन्या वळणावर जातो. पंचवीस तासांच्या आठवड्यात दमलेले दिवसच जास्त.

आता फॉर्मवरच्या त्या शेऱ्याकडे येऊ. 'शिक्षकाचं बोलणं कमी करावं.' हा शेरा जगातल्या निम्म्या इंग्रजी शिक्षकांना मिळत असावा, आणि त्यातून कुणी काही शिकत नाही. कारण कुठलं बोलणं? सूचना देतानाचं? विद्यार्थ्याने दिलेलं उत्तर पुन्हा म्हणण्याचं? शांतता सहन होत नाही म्हणून भरलेलं? गोष्ट सांगताना बोललेलं? यातलं शेवटचं तर बऱ्याचदा वाढवायला हवं, कारण परकी भाषा शिकणाऱ्याला समजेल अशी, चेहऱ्याकडे पाहत बोललेली भाषा आणखी कुठे ऐकायला मिळणार? नुसतं 'कमी करा' ऐकून चांगली शिक्षिका गप्प बसायला लागते आणि वर्ग वर्कशीटवर चालतो. तुम्ही तसं करू नका.

त्याऐवजी हे करा. एका वर्गाची परवानगी घेऊन फोनवर तासाचं फक्त आवाजाचं रेकॉर्डिंग करा. घरी पूर्ण तास ऐकू नका, कुणालाच ते झेपत नाही. मधली पाच मिनिटं निवडा आणि शब्दन् शब्द हाताने लिहून काढा. पाच मिनिटं उतरवायला तासभर लागू शकतो. इंग्रजी शिक्षकांचे अमेरिकी प्रशिक्षक जॉन फॅन्सेलो यांनी शिक्षक-प्रशिक्षणात हाच मार्ग धरला होता : छोटा तुकडा घ्यायचा, तो चांगला की वाईट हे ठरवायच्या भानगडीत पडायचं नाही, आधी फक्त काय घडलं ते लिहायचं, आणि मग एखादी गोष्ट मुद्दाम वेगळी, जमल्यास अगदी उलटी करून पाहायची.

तुमच्या कागदावर बहुधा असं काही उतरेल :

शिक्षिका : व्हेअर डिड यू गो ऑन संडे?
विद्यार्थी : आय गो टू द सी.
शिक्षिका : ओह, यू वेन्ट टू द सी! व्हेरी गुड. वॉज इट कोल्ड?
विद्यार्थी : येस, कोल्ड.
शिक्षिका : इट वॉज कोल्ड. ओके. अँड यू?

शब्द मोजा. शिक्षिकेचे २३, विद्यार्थ्याचे ७. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं पुढे आहे. विद्यार्थी 'गो' म्हणाला, शिक्षिकेने आपल्या वाक्यात 'वेन्ट' घालून चूक सुधारली आणि लगेच 'व्हेरी गुड' म्हटलं. विद्यार्थ्याने काय ऐकलं असेल? आपलं बरोबर आहे, हेच. त्याला 'वेन्ट' म्हणायची संधी मिळालीच नाही, कारण पुढच्याच क्षणी पाणी थंड होतं का हा प्रश्न आला. त्याचंही अर्धं उत्तर शिक्षिकेने पूर्ण करून टाकलं आणि ती पुढच्या विद्यार्थ्याकडे वळली. समुद्रावर कोण कोण गेलं, कसे गेले, हे कुणालाच कळलं नाही. त्या माणसाला सांगायला काहीतरी होतं, ते राहून गेलं.

सहा महिन्यांनी तीच चूक का, या तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर या पाच ओळींत आहे. रॉय लिस्टर आणि लैला रान्टा यांनी कॅनडातल्या मुलांच्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. तिथल्या शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी निम्म्याहून अधिक याच प्रकारच्या होत्या : वाक्य स्वतःच बरोबर करून परत म्हणायचं. आणि विद्यार्थ्यांनी सर्वांत कमी दाद दिली तीही याच प्रकाराला. जिथे शिक्षकाने उत्तर हातात न देता विद्यार्थ्यालाच दुरुस्त करायला लावलं, तिथे तो थांबला आणि त्याने प्रयत्न केला. तुम्ही असं करून पाहा : तो 'आय गो टू द सी' म्हणाला की भुवया उंचावून फक्त 'ऑन संडे, आय...' एवढं म्हणा आणि थांबा. तो 'वेन्ट' म्हणाला तर मान हलवा आणि 'हू विथ?' विचारा. नाही म्हणाला तर शेजारच्याकडे पाहा. तेही नाही जमलं तर सांगा, पण मग त्याच्याकडून एकदा वदवून घ्या.

यातही स्वतःवर अन्याय करू नका. भूतकाळाची रूपं एका दुरुस्तीने बसत नाहीत. चांगल्या वर्गातही ती येतात, जातात, पुन्हा येतात. घाईत बोलताना निसटतात आणि लिहिताना बरोबर येतात. सहा महिन्यांनी चूक दिसली म्हणजे सहा महिने फुकट गेले, असा हिशेब भाषेत चालत नाही. तुम्ही एवढंच पाहायचं, की चुकल्यावर त्याला स्वतः सुधारण्याची जागा मिळते का.

त्याच कागदावर शांततेच्या जागाही खुणेने दाखवा. प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती थांबता? मेरी बड रो यांनी १९७०च्या आसपास अमेरिकेतल्या विज्ञानाच्या तासांमध्ये हे मोजलं होतं. शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत. ते तीन सेकंदांपर्यंत नेल्यावर मुलांची उत्तरं लांब झाली आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. आणि ती मुलं तर सवयीच्या भाषेत उत्तर देत होती. तुमच्या विद्यार्थ्याला आधी प्रश्न समजून घ्यायचा आहे, उत्तर सुचायचं आहे, मग ते परक्या भाषेत रचायचं आहे. तीन सेकंद त्याच्यासाठी कमीच आहेत. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. पहिल्या आठवड्यात फार अवघड जाईल. वर्ग थंडावला असं वाटेल. तो थंडावलेला नसतो, विचार करत असतो.

सूचनांबद्दल थोडक्यात. 'डू यू अंडरस्टँड?' या प्रश्नाला 'येस' हेच उत्तर येतं, मग समजलेलं असो वा नसो. त्याऐवजी 'आर यू रायटिंग ऑर स्पीकिंग?' असं विचारा. रेकॉर्डिंगमध्ये एकच सूचना तुम्ही तीन वेगवेगळ्या शब्दांत सांगितलेली सापडली, तर तिथे तुमचं खरोखर जास्त झालेलं बोलणं सापडलं असं समजा. ती सूचना आधी कागदावर लिहून घ्या, तेवढीच वाचा आणि थांबा.

आता दुसऱ्या माणसाबद्दल. एकटीने रेकॉर्डिंग ऐकून बरंच कळतं, पण दोन-तीन वेळानंतर आपल्याला आपल्याच जुन्या गोष्टी ऐकू येतात. एक सहकारी शोधा. सर्वांत हुशार असायची गरज नाही, तुमच्याबद्दल बाहेर बोलणार नाही एवढी खात्री हवी. तिला वर्गात बोलवा आणि एकच प्रश्न द्या. 'माझा तास कसा वाटला?' हा प्रश्न नको, त्याला 'छान' हेच उत्तर येतं. 'डावीकडच्या तिघांशी मी किती बोलते?' हा प्रश्न द्या. ती कागदावर वर्गाचा नकाशा काढेल, प्रत्येक खुर्ची एक चौकोन, आणि कुणी कुणाशी बोललं की एक रेघ. वीस मिनिटांनी तो कागद तुमच्यापुढे ठेवेल. सगळ्या रेघा तुमच्यापासून निघून तुमच्याकडेच परत येतात, एकही रेघ एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे जात नाही, हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल आणि कुणाला काही म्हणावं लागणार नाही. चर्चेत आधी तुम्ही बोला. तिने सल्ला द्यायचा नाही, विचारल्याशिवाय तर नाहीच. हे पाळणं कठीण आहे, शिक्षकांना सल्ला दिल्याशिवाय राहवत नाही, पण या एका नियमावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

आणि तुम्ही तिच्या तासाला जाल तेव्हा मागे बसू नका. मागून फक्त शिक्षिका दिसते. बाजूला, पुढच्या बाजूला बसा आणि तासभर एकाच विद्यार्थ्याकडे पाहा. तो वहीत काय लिहितो? जोडीत बोलायला सांगितल्यावर पहिलं वाक्य कोण बोलतं? कुठल्या क्षणी त्याने पेन खाली ठेवलं? जपानी शाळांमध्ये शिक्षक मिळून एक धडा आखतात, एक जण शिकवतो आणि बाकीचे याच पद्धतीने विद्यार्थ्यांकडे पाहत बसतात. नंतरची चर्चा त्या धड्याची असते, शिकवणाऱ्याची नाही. माझ्या मते नोकरीतल्या प्रशिक्षणाचा याहून चांगला नमुना मिळणं अवघड आहे, आणि त्याला स्लाइड लागत नाहीत.

तेच ते धडे घेतेय, असं तुम्ही वैतागून लिहिलं आहे. मला त्यात तुमची सोय दिसते. एकाच पातळीचे दोन गट तुमच्याकडे असतील, समजा दोन्ही ए-टू, म्हणजे सुरुवातीच्या वरच्या पायरीचे, तर तोच धडा दोन्हीकडे घ्या आणि एकच गोष्ट बदला. एका गटाला व्याकरणाचा नियम आधी सांगा, दुसऱ्याला आधी काम द्या आणि नियम शेवटी त्यांच्याकडून काढून घ्या. दोन्हीकडची पाच मिनिटं शेजारी ठेवा. भारतीय इंग्रजी-शिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये नियमांऐवजी कामांवर आधारलेलं इंग्रजी शिकवून पाहिलं होतं, आणि पुढे १९९० मध्ये त्यांनी लिहिलं की सर्वांसाठी सर्वोत्तम अशी एकच पद्धत नसते. त्यांच्या मते खरा शत्रू म्हणजे यांत्रिक झालेलं शिकवणं. शिक्षकाला आपण करतोय त्यामागे काहीतरी पटणारं कारण जाणवत राहिलं पाहिजे. ती जाणीव तुमच्यात कमी झाली आहे, म्हणून तुम्ही दमता. तासांचा भार तर आहेच.

व्याकरणासाठी वेगळी वही ठेवा. विद्यार्थ्यांनी विचारलेला आणि तुम्हाला उत्तर न आलेला प्रश्न तिथे लिहायचा. 'उद्या सांगते' म्हणायला लाजू नका, मात्र उद्या सांगा. वर्षभरात त्या वहीत तुमच्या विद्यार्थ्यांपुरतं असं व्याकरण जमतं, जे कुठल्या कोर्सच्या पुस्तकात मिळणार नाही.

संस्थेकडे काय मागायचं? 'आम्हाला ट्रेनिंग द्या' अशी मागणी केली की आणखी एक स्लाइडवाला येतो. नेमकं मागा. दोन महिन्यांतून एकदा सहकाऱ्याचा तास पाहता यावा म्हणून तुमचा एक तास दुसऱ्याने घ्यावा. महिन्याच्या बैठकीत व्याख्यानाऐवजी आळीपाळीने एका शिक्षकाने पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग किंवा विद्यार्थ्यांचं लिखाण आणावं आणि सगळ्यांनी त्यावर बोलावं. आणि सर्वांत महत्त्वाचं : शिकण्यासाठीचं निरीक्षण आणि मूल्यमापनाचं निरीक्षण वेगवेगळं ठेवावं. ज्या कागदावर नोकरी टिकणार की नाही हे ठरतं, त्या कागदासमोर कुणीही आपला अवघड वर्ग उघडा करत नाही. प्रत्येक जण ठेवणीतला धडा काढतो.

तुम्हाला पगार फक्त शिकवण्याच्या तासांचा मिळत असेल, तर या वेळेचेही पैसे मागा. हे मी आग्रहाने लिहिते आहे. प्रशिक्षण देतो म्हणून माणसं नेमायची आणि ते त्यांच्या विनामोबदला संध्याकाळींवर ढकलायचं, हे चूक आहे, आणि या क्षेत्रात ते फार चालतं. मागून मिळेलच असं नाही. पण न मागता तर नक्कीच मिळत नाही, आणि तुमच्यासोबत आणखी दोघी-तिघींनी सही केली तर उत्तर तरी द्यावं लागतं.

डिप्लोमा पुढच्या वर्षी करा. डेल्टा या केंब्रिजच्या डिप्लोम्याचे तीन भाग वेगवेगळे, हव्या त्या क्रमाने देता येतात आणि नोकरी सांभाळून करता येतात. त्यातला शिकवण्याचा भाग तुमच्याकडे वर्ग आहे हे धरूनच चालतो, म्हणूनही नोकरी सोडायची घाई नको. तोवर तुमच्याकडे कागदांचा एक गठ्ठा असेल आणि नेमकं कशासाठी शिकायचं आहे हे माहीत असेल.

हे काम माझं नव्हेच का, असं तुम्ही विचारलंत. विद्यार्थी खूश असताना त्यांच्या न जाणाऱ्या चुका तुम्हाला छळतात. ज्याचं हे काम नसतं, त्याला विद्यार्थी खूश असणं पुरतं.

पहिलं रेकॉर्डिंग ऐकून वाईट वाटेल, सगळ्यांनाच वाटतं. ते पुसू नका आणि लगेच मुख्य शिक्षिकेलाही देऊ नका. त्यांना या आठवड्यात फक्त एवढा निरोप पाठवा : 'आपण शिक्षकाचं बोलणं कमी करण्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर काम करायचं आहे. पुढच्या महिन्यात एका तासाला सहकारी येऊन फक्त नोंदी घेईल आणि त्या फॉर्मवर जाणार नाहीत, अशी परवानगी हवी. त्या तासापुरता तिचा वर्ग कुणी घेईल का?'